जाम झालेला स्क्रू डोकं न चुरता कसा काढायचा, आणि त्यासाठी कोणता स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोटारसायकलच्या हँडलवर पुढच्या ब्रेकच्या ऑइलची जी डबी असते, तिच्या झाकणाचे दोन स्क्रू जाम झालेत. फुटपाथवरून घेतलेल्या सेटमधला ‘स्टार’ ड्रायव्हर लावला तर एकाची खाच अर्धी चुरली. घरात दाराच्या बिजागरीच्या स्क्रूंचीही तीच गत आहे. चांगला ड्रायव्हर कसा ओळखायचा आणि आता हे स्क्रू काढायचे कसे?

आधी एक विनंती. चुरलेल्या स्क्रूला अजून हात लावू नका. अर्धी खाच शिल्लक असेल तर तो निघतो. ती पूर्ण गोल झाली की ड्रिलिंगशिवाय मार्ग उरत नाही. स्क्रूचं डोकं जातं ते बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्यांदा सटकल्यावर माणूस आणखी जोर लावतो आणि उरलेली धारही घालवतो. म्हणून एकदा सटकलं की थांबायचं आणि पद्धत बदलायची.

ड्रायव्हर का सटकतो, हे नीट समजून घ्या. फुलीच्या खाचेच्या भिंती उभ्या नसतात, उतरत्या असतात. तुम्ही पिळता तेव्हा त्या उतारामुळे ड्रायव्हरचं टोक वर ढकललं जातं. हा वर येण्याचा जोर तुमच्या हाताच्या दाबापेक्षा जास्त झाला की टोक उसळतं आणि खाचेची वरची कड खरवडून नेतं. टोक खाचेत तळापर्यंत बसलेलं असेल तर भार पूर्ण भिंतीवर पसरतो. ते अर्धवट बसलं असेल तर सगळा भार वरच्या अर्ध्या मिलिमीटरवर येतो आणि तिथलं धातू दबून जातं. त्यामुळे जाम स्क्रूवर पिळण्यापेक्षा दाबण्याला जास्त ताकद लागते. एकूण जोराचे साधारण सत्तर टक्के खाली दाबायला आणि तीस टक्के फिरवायला, हा अंदाज हातात बसवून घ्या.

फुली-फुलीत फरक असतो

दुकानात ‘स्टार ड्रायव्हर द्या’ म्हटलं तर साधा फुलीचा मिळतो, आणि कुठे कुठे सहा टोकांचा टॉर्क्सही मिळतो. म्हणून आकार आणि नंबर सांगून मागा.

साध्या फुलीला फिलिप्स म्हणतात. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३०च्या दशकात हा प्रकार बाजारात आणला आणि मोटार कारखान्यांनी तो उचलला. त्याचे नंबर पीएच ०, १, २, ३ असे येतात. घरातल्या बहुतेक कामांना पीएच २ लागतो. लहान उपकरणांच्या स्क्रूंना पीएच १ किंवा पीएच ०, आणि एम ६ (म्हणजे ६ मिमी जाडीचा) आणि त्यापुढच्या स्क्रूंना पीएच ३. पीएच २च्या खाचेत पीएच १ सहज शिरतो आणि फिरतोही, पण टोकावरच टेकतो. खाच चुरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

दुसरा प्रकार पोझिड्राइव्ह, म्हणजे पीझेड. स्क्रूच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मध्ये ४५ अंशांवर चार बारीक रेघा दिसल्या की तो पीझेड. फर्निचरचे तयार स्क्रू आणि कपाटाच्या आयात बिजागऱ्या यांत तो भरपूर असतो. पीझेडच्या खाचेत पीएच लावला तर तो डुगडुगतो. उलट पीझेडचं टोक पीएचच्या खाचेत तळापर्यंत जातच नाही. एमसीबीच्या टर्मिनलवर बहुधा फुली आणि सरळ खाच एकत्र केलेला स्क्रू असतो. त्याला पीझेड २ किंवा त्याच मिश्र आकाराचा खास ड्रायव्हर लागतो. तिथे पीएच वापरला तर स्क्रू पूर्ण आवळला जात नाही, वायर सैल राहते, टर्मिनल तापतं आणि काळं पडतं. घरातल्या एमसीबी जळण्यामागे हे कारण बऱ्याचदा असतं.

तिसरा प्रकार जपानी, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. जपानी मानकाची फुली दिसायला फिलिप्ससारखीच असते, पण खाचेच्या कोपऱ्यांची गोलाई वेगळी असते. फिलिप्सचं टोक तिच्यात शेवटपर्यंत बसत नाही, तळाशी फट राहते. स्क्रूच्या डोक्यावर एखादा बारीक खड्डा किंवा ठिपका दिसला तर तो जपानी मानकाचा समजा. ठिपका नसला तरी जपानी बनावटीच्या किंवा जपानी रचनेवर बेतलेल्या दुचाकींवर ही शक्यता धरूनच चाला. कार्ब्युरेटरच्या वाटीचे, इंडिकेटरच्या काचेचे, ब्रेक ऑइलच्या डबीचे स्क्रू याच जातीचे निघतात. एम ३ ते एम ५ला जपानी २ नंबर, एम ६ला ३ नंबर. जपानी मानकाचा ड्रायव्हर फिलिप्सच्या स्क्रूवरही व्यवस्थित चालतो. म्हणून दुचाकीवर स्वतः काम करणाऱ्याने एकच चांगला फुलीचा ड्रायव्हर घ्यायचा असेल, तर जपानी २ नंबर घ्यावा. व्हेसलसारख्या जपानी कंपन्यांचे ऑनलाइन मिळतात.

सरळ खाचेला लोक हलक्यात घेतात, पण तिथेही मापं आहेत. पात्याची जाडी × रुंदी अशी ती लिहितात: ०.६ × ३.५, ०.८ × ४, १ × ५.५, १.२ × ६.५, १.६ × ८ मिमी. पातं खाचेच्या पूर्ण लांबीला पुरलं पाहिजे आणि जाडीला खाच भरली पाहिजे. पातं रुंद आहे पण पातळ आहे, म्हणून तिरकं बसून कड उचकटतं, हा प्रकार जुन्या बिजागऱ्यांवर हमखास होतो.

घेताना काय बघायचं

ज्या स्क्रूवर काम करायचं त्याच जातीचा एक सुटा स्क्रू खिशात घालून दुकानात जा. ड्रायव्हर आडवा धरा, टोकावर स्क्रू लावा. चुंबक नसतानाही स्क्रू लोंबकळत न पडता राहिला आणि हलवून पाहिल्यावर खेळ जेमतेम जाणवला, तर माप बरोबर आहे. मग टोक उजेडात धरा. चारही पाकळ्या सारख्या आणि धारदार दिसल्या पाहिजेत. टोकावर जाड चकचकीत क्रोम असेल तर कडा गोल झालेल्या असतात. चांगल्या ड्रायव्हरचं टोक बरेचदा काळं, बिनमुलाम्याचं ठेवतात ते याचसाठी.

पोलाद क्रोम-व्हॅनेडियम किंवा एस २ असावं. दांड्यावर ‘क्रोम-व्हॅनेडियम’ छापलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका, ते कुणीही छापतं. घरी आणल्यावर बारीक कानस टोकाच्या कडेवर एकदा हलकेच ओढा. कानस घसरली तर टोक कडक आहे. तिने धातू चावला तर टोक मऊ आहे, परत करा. मऊ टोक जाम स्क्रूवर पहिल्याच पिळात मुडपतं आणि स्क्रूची खाचही सोबत नेतं.

मूठ जाड हवी. २ आणि ३ नंबरला साधारण ३० ते ३५ मिमी व्यासाची मूठ असली तर घामेजल्या हातानेही पीळ लागतो. मुठीखाली दांड्यावर षटकोनी भाग असेल तर तो सोडू नका. त्याला रिंग पाना लावून एका हाताने दाबता येतं आणि दुसऱ्या हाताने पाना ओढता येतो. एका ड्रायव्हरचा तरी दांडा मुठीतून आरपार मागे आलेला असावा, म्हणजे हातोडी मारता येते. साध्या प्लास्टिकच्या मुठीवर हातोडी मारू नका. मूठ तडकते आणि धक्का स्क्रूपर्यंत पोचतही नाही.

आपल्याकडे नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली टपारिया घरगुती आणि गॅरेजच्या कामाला पुरेशी भरवशाची आहे. फक्त नामांकित मालाच्या हुबेहूब नकला बाजारात असतात, तेव्हा ओळखीच्या हार्डवेअर दुकानातूनच घ्या. वेरा, वीहा, पीबी स्विस हे युरोपीय माल महाग आहेत, पण टोकांची अचूकता हातात लगेच कळते. रोज हेच काम असेल तर पैसे वसूल होतात.

मोठ्या सेटच्या मागे लागू नका. पीएच १ × ७५, पीएच २ × १०० (इथे दुसरा आकडा दांड्याच्या लांबीचा, मिमीत), पीझेड २, जपानी २ नंबर आरपार दांड्याचा, आणि सरळ खाचेचे ०.६ × ३.५, १ × ५.५, १.२ × ८. एवढ्या सातांत घर आणि दुचाकी दोन्ही भागतं. पीएच ३ गरज पडेल तेव्हा घ्या. बत्तीस बिटांचे डबे हलक्या कामाला ठीक आहेत, पण बिट आणि होल्डरमध्ये खेळ असल्यामुळे जाम स्क्रूवर टोक तिरकं होतं. विजेच्या कामाला १००० व्होल्टची दुहेरी त्रिकोणाची खूण आणि आयईसी ६०९०० हे मानक छापलेला इन्सुलेटेड ड्रायव्हर वेगळा ठेवा. आणि टेस्टरने स्क्रू पिळणं बंद करा. त्याचं पातं पातळ असतं आणि पोटात रेझिस्टर नि निऑन दिवा असतो. पिळून तो आतून खिळखिळा झाला तर पुढच्या वेळी चालू लाइन बंद दाखवेल.

ब्रेक ऑइलच्या डबीचे स्क्रू

हे स्क्रू बहुतेक गाड्यांवर एम ४ मापाचे, पोलादी, आणि चपट्या शंकूच्या डोक्याचे असतात. डबी ॲल्युमिनियमची. खाच वर उघडी, त्यामुळे चार महिन्यांचा पाऊस तिच्यात साचतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी धरतं, आणि ती शंकूच्या बसक्या जागेत घट्ट भरते. कोकणात, समुद्राजवळ, खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. म्हणजे स्क्रू आट्यांत कमी आणि डोक्याखाली जास्त अडकलेला असतो. त्यामुळे इथे तेलापेक्षा धक्का जास्त काम करतो.

सुरुवात सफाईने करा. हँडल वळवून डबी सपाट आणा. पेट्रोलच्या टाकीवर आणि रंगाच्या भागावर ओली जाड फडकी टाका, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. दाभण किंवा जाड सुईने खाचेतली माती, रंग, गंज तळापर्यंत कोरून काढा आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. खाचेच्या तळाशी अर्धा मिलिमीटर कचरा राहिला तर उत्तम ड्रायव्हरही तेवढाच वर बसतो. ही पायरी गाळली जाते आणि मग दोष ड्रायव्हरला मिळतो.

आता डब्ल्यूडी-४० किंवा तत्सम गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब डोक्याच्या कडेला सोडा. फवारू नका. खनिज तेल डबीत गेलं तर ब्रेकचे रबर सील फुगतात आणि ब्रेक अडकतो. अर्धा तास थांबा. थांबताना दहा-दहा मिनिटांनी ड्रायव्हर खाचेत उभा ठेवून मागून २०० ते ३०० ग्रॅमच्या हातोडीने पाच-सहा ठाम टकटक द्या. डबीला खालून दुसऱ्या कुणाच्या तळहाताचा आधार असू द्या. डबीचं ओतकाम पातळ असतं. मोठ्या हातोडीने ते तडकू शकतं. या टकटकीने दोन कामं होतात: भुकटीची पकड मोडते आणि टोक खाचेत पक्कं बसतं.

मग सोडवायच्या आधी स्क्रू किंचित आवळा, अगदी घड्याळाच्या काट्याचं एखादं मिनिट सरकेल इतकाच. बारीक ‘टक्’ असा आवाज आला तर तो सुटला. आता छाती ड्रायव्हरच्या रेषेत आणून वरून भार द्या, षटकोनाला पाना लावा आणि सावकाश उलटा ओढा. झटका नको. ड्रायव्हर स्क्रूच्या रेषेत सरळ उभा आहे ना, हे बाजूने बघून घ्या. पाच अंश तिरका असला तरी दोनच पाकळ्यांवर भार येतो.

ज्याची खाच अर्धी गेलीय, त्याच्यासाठी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट आणा. ऑटो स्पेअर्सच्या दुकानात छोटी डबी मिळते. टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी लावा आणि वरची कृती पुन्हा करा. पेस्टमधले कण टोक आणि खाच यांच्यामध्ये रुततात आणि घसरण बरीच कमी होते. पेस्ट कठीण कणांची असते, म्हणून स्क्रू निघाल्यावर झाकण उघडण्याआधी सगळं पुसून घ्या. रबर बँड मध्ये ठेवण्याची युक्ती फक्त हलक्या स्क्रूंवर चालते. खरोखर जाम स्क्रूवर रबर फाटतं आणि टोक तळापासून वर राहतं, म्हणजे नुकसानच.

पेस्टनेही सटकलं तर सेंटर पंच किंवा लहान छिन्नी घ्या. डोक्याच्या कडेजवळ आधी उभा ठोका देऊन एक खळी पाडा, मग पंच तिरका करून डावीकडे फिरेल अशा दिशेने हलके ठोके द्या. चपट्या डोक्याच्या स्क्रूवर हा उपाय फार गुणकारी आहे, कारण ठोक्याने पकड सुटतेही आणि स्क्रू फिरतोही. इथे मोठा इम्पॅक्ट ड्रायव्हर मात्र लावू नका. हातोडीने मारायचं ते अवजार ब्रेक डिस्कच्या एम ६ स्क्रूंसारख्या भक्कम जागी अप्रतिम चालतं, पण या पातळ डबीवर धोका आहे. भक्कम जागी वापरताना दिशा उलटी केली आहे ना ते तपासा, मूठ आधीच डावीकडे पिळून धरा आणि किलोभर वजनाच्या हातोडीने एक पूर्ण ठोका द्या. भीत भीत मारलेले दहा ठोके नुसती खाच बिघडवतात.

शेवटचा उपाय ड्रिल. डोक्याच्या मध्यावर सेंटर पंचने खूण करा, आधी २.५ मिमी आणि मग ४ ते ४.५ मिमी बिट हळू वेगाने चालवा. आट्यांपर्यंत जायचं नाही, डोकं सुटेपर्यंतच. डोकं बिटावर चढून गोल फिरायला लागलं की थांबा. सगळा कीस चुंबकाने आणि फडक्याने उचला, मगच झाकण काढा. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, म्हणून फडकं हवंच. डोक्याचा ताण गेल्यावर खालचा चार-पाच मिलिमीटरचा बुंधा पकडीने बहुतेक वेळा सहज फिरतो. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (मोडका स्क्रू भोकात रुतून बाहेर काढणारं अवजार) एम ५च्या खाली वापरू नका. तो फार कडक आणि ठिसूळ असतो. आत मोडला तर साध्या ड्रिल बिटाने कापला जात नाही आणि डबीच बदलावी लागते.

नवे स्क्रू घाला, जुने पुन्हा नको. आट्यांना आणि डोक्याखाली किंचित अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा कॉपर ग्रीस लावा. आवळणी २ न्यूटन-मीटरच्या आतच, म्हणजे ड्रायव्हरची मूठ तीन बोटांत धरून जेवढं होतं तेवढी. पावसाळ्याआधी खाचेत ग्रीसचा ठिपका भरून ठेवला तर पाणी साचत नाही.

बिजागरीचे स्क्रू

लाकडात तेल सोडू नका. ते डाग धरतं आणि पुढे पॉलिश किंवा रंग चिकटत नाही. इथे अडचण सहसा ऑइलपेंटची असते. हॅकसॉ ब्लेडच्या तुटक्या तुकड्याने खाच साफ करा आणि डोक्याभोवतीचा रंग ब्लेडने गोल कापून घ्या. खाच भरेल असं पातं लावून हातोडीचे तीन-चार ठोके द्या, आधी किंचित आवळा, मग सोडवा. हलला नाही तर ६० वॅटची सोल्डरिंग इस्त्री डोक्यावर दोन मिनिटं टेकवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. तापून फुगलेला आणि थंड होऊन आकसलेला स्क्रू लाकडाची आणि गंजाची पकड सोडतो. सागवानात जुन्या लोखंडी स्क्रूंना हे हमखास करावं लागतं. पितळी स्क्रूवर जोर कमी लावा, ते डोक्याखाली पटकन मोडतात.

खाच पूर्ण गेली असेल आणि डोकं वर असेल तर हॅकसॉने नवी सरळ खाच पाडा. एका पात्याची खाच साधारण १ मिमीच्या आसपास पडते. दोन पाती एकत्र लावली तर जाड ड्रायव्हर बसतो. गोल डोकं असेल तर ग्रिप प्लायरने कड पकडून फिरवा. स्क्रू नुसताच फिरतो पण वर येत नाही, तेव्हा आतलं लाकूड खचलेलं असतं. बिजागरीच्या पानाखाली छिन्नी सरकवून हलकं उचला आणि तो ताण ठेवून फिरवा. परत बसवताना भोकात बांबूची काडी सरसात बुडवून ठोका, वाळल्यावर बारीक भोक पाडा. नव्या स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावा. साबण लावायची सवय आहे, पण साबण ओलावा धरतो आणि स्क्रू गंजवतो.

बॅटरीच्या ड्रिलने जाम स्क्रू सुरुवातीला सोडवू नका. हाताला सटकण्याची चाहूल लागते, मशीनला लागत नाही, आणि सेकंदात खाच गोल होते. हाताने अर्धा फेरा सुटला की पुढे मशीन लावा. एखादी जागा अजिबात हलत नसेल तर आटे उलटे आहेत का हेही बघा. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

ड्रायव्हरची टोकं महिन्यातून एकदा उजेडात पाहा. सरळ पातं गोल झालं तर ऑइलस्टोनवर तेलाचा थेंब टाकून चौकोनी करता येतं. ग्राइंडरवर धरू नका, निळं पडलं की पातं मऊ झालं. फुलीच्या पाकळ्या झिजल्या तर त्यांना धार लावता येत नाही. असा ड्रायव्हर रंगाचे डबे उघडायला वेगळा ठेवा आणि त्याच्या मुठीवर लाल टेप गुंडाळा, म्हणजे घाईत तो पुन्हा स्क्रूला लागणार नाही.